दोन मिनिटं एकांत

भिंतीला कान असतात म्हणतात. लखनौच्या आमच्या घराच्या भिंतीला तोंड होतं! चांगलं हातभर रुंद, करड्या रंगाचं, पत्र्याचं. आमच्या गॅलरीच्या कठड्याला तारेनं बांधलेला तो भोंगा सकाळी सातच्या ठोक्याला खरखरायचा आणि खालच्या मजल्यावरच्या घरमालकांचा आवाज साऱ्या गल्लीत दणाणायचा, "सुनिए, सुनिए. कल रात मेरे घर लौकी की सब्जी बनी थी."

लग्न होऊन मी वाईहून लखनौला गेले ती सत्तरच्या दशकाची अखेर होती. आमचे हे रेल्वेत इंजिनीअर. क्वार्टर मिळेपर्यंत हज़रतगंजच्या मागच्या एका गल्लीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. घरमालक आमदार आहेत एवढंच यांनी मला सांगितलं होतं. "मोठा माणूस आहे, पण साधा आहे हं." भोंग्याबद्दल अवाक्षर नाही! पहिल्या सकाळी मी अंथरुणातून ताडकन उठून बसले. मला वाटलं, दंगल झाली. हे आरशासमोर दाढी करत होते. गालावरचा साबण पुसत म्हणाले, "अगं, रोजचंच आहे. भाजी झाली, आता भेटी सांगतील."

आणि खरंच सांगितल्या! "कल एक टोकरी दशहरी आम आए. भेजने वाले ठेकेदार हैं, पुल बनाते हैं. टोकरी वापस गई. दो आम मेरी पत्नी खा चुकी थीं, सो बाज़ार से दो मँगवाकर रख दिए."

लगेच आतून, पण माईकला नीट ऐकू जाईल अशा बेतानं, बाईमाणसाचा आवाज आला, "एक! दूसरा आपने खाया था!"

मग घसा खाकरल्याचा आवाज. "सुधार कर लीजिए. एक मैंने खाया था."

मी हसून हसून लोळले. परक्या गावात, परक्या भाषेत, लग्नाला महिना झालेला, आणि मी उशीत तोंड खुपसून हसतेय. त्या माणसाबद्दलचं माझं प्रेम तिथून सुरू झालं आणि आजतागायत ते कमी झालेलं नाही.

गल्ली त्यांना विधायकजी म्हणायची. उंच, वाकडे, उसासारखेच पेरापेरांनी वाढलेले. मतदारसंघ तराईकडचा, हिमालयाच्या पायथ्याचा, ऊसवाल्यांचा. लखनौचं हे घर बायकोच्या माहेरचं. अंगात खादीचा कुर्ता, पण खिसा नसलेला. शिंप्याला बजावून ठेवलं होतं, खिसा शिवलास तर शिलाई मिळणार नाही. का, तर खिशात कोण कधी काय सरकवेल याचा नेम नाही. चष्मा, रुमाल, किल्ल्या, सगळं खांद्यावरच्या पंच्याच्या गाठीत. घरात शिरण्यापूर्वी ती गाठ सोडत दारात पाच मिनिटं उभे राहायचे आणि चाचीजी, म्हणजे त्यांच्या पत्नी, कपाळाला हात लावायच्या.

व्हरांड्यात एक तख्त. तख्तासमोर उभ्या दांडीवरचा माईक. बाजूला मोटारीच्या बॅटरीवर चालणारं यंत्र, कारण बत्ती केव्हा जाईल याचा भरवसा नव्हता. यंत्राचं बटण चाचीजींच्या ताब्यात. विधायकजी तख्तावर बसून भाजलेल्या शेंगा फोडत आणि येईल त्याला माईक दाखवत. निवडणुकीत प्रचाराला आणलेलं हे सगळं सामान. निवडून आल्यावर लोक गुलाल धुऊन टाकतात, विधायकजींनी माईक ठेवून घेतला.

त्याला कारण होतं एक वाक्य. ते वाक्य लखनौत राहिलेल्या प्रत्येकानं ऐकलेलं असणार. "हुज़ूर, ज़रा दो मिनट एकांत मिल जाए." निवडून आल्याच्या पहिल्याच महिन्यात हे वाक्य त्यांना इतके वेळा ऐकावं लागलं की मान अवघडली म्हणे. चाचीजी सांगायच्या, "जो आता था, कान पकड़ता था." कुणी बदली मागे, कुणी परवाना, कुणी धान्याचं दुकान. सगळं कुजबुजत. मग एक दिवस त्यांनी अडगळीतून माईक काढून व्हरांड्यात उभा केला आणि पाटी लावली, "एकांत यहाँ नहीं मिलता. जो कहना है, माइक पर कहिए."

लोकांनी कारण विचारलं की दर वेळी नवं उत्तर. कुणाला सांगत, कानात बोललं की मला गुदगुल्या होतात. कुणाला सांगत, गल्लीची करमणूक होते. मला मात्र एकदा शेंगा निवडता निवडता खरं सांगितलं असावं. "बहू, विधानसभा में सब माइक पर बोलते हैं और काम कान में होता है. मैं माइक घर ले आया, बस."

गल्लीचं जीवनच त्या भोंग्यावर बेतलेलं. बायका भाजी निवडायला दारात यायच्या त्या आठ वाजता, मुलाखती सुरू होताना. सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या तेव्हा हिंदीचं एक अक्षर कळत नसूनही गॅलरीत मांडी ठोकून बसायच्या, कीर्तनाला बसावं तशा. म्हणायच्या, "बुवांचा आवाज गोड नाही, पण विषय रंगतो हो." आणि खरोखर रंगायचा! माणूस खोटं बोलतोय असं वाटलं की विधायकजी शेंगा फोडायचे थांबत. तो टकटक आवाज माईकवरून ऐकू येत असे, त्यामुळे तो थांबला की गल्लीला कळे. खाली सब्जीवाला ओरडे, "भैया, सच बोल दो, हाथ रुक गया!"

आता सफारी सूटवाल्याची गोष्ट सांगते. सांगताना आजही हात शिवशिवतात.

विधानसभेत तेव्हा उसाच्या वजनकाट्याचं कलम यायचं होतं. शेतकरी गाडी घेऊन कारखान्याच्या काट्यावर जायचा आणि काटा हटकून कमी दाखवायचा. त्या काट्याची तपासणी शेतकऱ्यांसमोर व्हावी, एवढीच त्या कलमातली मागणी. गुरुवारी मतदान. आणि मंगळवारी सकाळी आमच्या गल्लीत एक लांबलचक पांढरी गाडी शिरली, शिरली म्हणजे अडकलीच. तिच्यातून सफारी सूट घातलेले, केसांना चमेलीचं तेल लावलेले एक गृहस्थ उतरले. हातात पानाचा चांदीचा डबा. व्हरांड्यात येऊन अदबीनं झुकले. "हुज़ूर, दो मिनट एकांत."

विधायकजींनी शेंगेनंच माईक दाखवला.

गृहस्थ हसले. विनोद समजले बिचारे. मग पाटी वाचली, मग चाचीजींकडे पाहिलं. चाचीजींनी बटण फिरवलं, भोंगा खरखरला. मी वर कणीक मळत होते, ते तसेच बरबटलेले हात घेऊन गॅलरीत धावले. समोरच्या गच्चीवर माणसं, खाली दारादारांत माणसं. गृहस्थ तसे तयारीचे, लखनवी जिभेचे. त्यांनी ठरवलं असणार, सरळ बोलायचंच नाही.

"हुज़ूर की तबीयत कुछ नासाज़ लगती है."

"मेरी तबीयत ठीक है," विधायकजी म्हणाले.

"गुरुवार तक बिगड़ सकती है."

गल्लीत खसखस पिकली. टकटक, टकटक, शेंगा फुटतच होत्या.

"बिगड़े तो क्या करूँ?"

"नैनीताल में हमारा एक छोटा-सा बँगला है. आराम फ़रमाइए. सुना है, गुरुवार को वहाँ बर्फ़ भी गिरेगी."

"और गुरुवार को यहाँ क्या है?" विधायकजींनी भोळेपणानं विचारलं.

"यहाँ? यहाँ तो कुछ भी नहीं, हुज़ूर."

टकटक थांबली! अख्खी गल्ली एका सुरात ओरडली, "काँटे वाला कानून है!" त्यात माझाही आवाज होता. आमच्या ह्यांना अगदी ऑफिसला जाता जाता जिन्यात थांबून ओरडताना मी या डोळ्यांनी पाहिलंय, पुढे ते कबूल करत नसत ती गोष्ट वेगळी.

गृहस्थांचा चेहरा उतरला. तेवढ्यात चाचीजी पुढे आल्या आणि त्यांनी स्वतः माईक धरला. जन्मात त्यांनी बर्फ पाहिला नव्हता. "भाईसाहब, मैं अकेली जा सकती हूँ? इनको यहीं रहने दीजिए, वोट दे देंगे."

त्यानंतर जे हसू उसळलं त्यात ते गृहस्थ केव्हा गेले आणि ती गाडी कशी मागे निघाली कुणाला कळलं नाही. पानाचा डबा तख्तावरच राहिला. तीन दिवस सकाळी सातला घोषणा होत होती, "एक चाँदी का पानदान पड़ा है. मालिक माइक पर आकर ले जाएँ." मालक आले नाहीत. शेवटी तो डबा पोलीस ठाण्यात जमा झाला, आणि त्याची पावतीही वाचून दाखवली गेली.

आणि गुरुवारी कलम पडलं.

संध्याकाळी विधायकजी सायकल हातात धरून चालत आले. बसले. चाचीजींनी न विचारताच बटण फिरवलं. "आज सदन में बहुत लोग बीमार थे," ते म्हणाले. "भगवान सबको अच्छा करे." एवढंच. गल्लीत कुणी हसलं नाही. मी वर कठड्याला धरून उभी होते आणि मला रडू येत होतं, उसाचा काटा कशाशी खातात ते ठाऊक नसलेल्या मला!

याचं पुढे जे व्हायचं ते झालं. पक्षाच्या मोठ्या माणसांचा निरोप आला, भोंगा काढा. विधायकजींचं उत्तर, येऊन माईकवर सांगा. पुढल्या निवडणुकीत तिकीट कापलं गेलं. तिकीट कापल्याची बातमीही त्यांनी दुधी भोपळा आणि तोंडलीच्या मधे सांगून टाकली.

पण मी त्यांची आरती करत बसलेय असं वाटायला नको. भारी हट्टी माणूस. आपलाच आवाज ऐकायची हौसही दांडगी. पाच मिनिटांत संपेल ते पंचवीस मिनिटं. आणि एकदा तर त्यांच्या हातून फार वाईट झालं. तराईतून एक बाई आली होती, डोक्यावरून छातीपर्यंत पदर ओढलेला. माईकसमोर उभी राहिली. पंधरा मिनिटं तिच्या तोंडून शब्द फुटला नाही, पदराचं टोक तेवढं थरथरत होतं. मग तशीच वळली आणि चालू लागली. विधायकजींनी पुढच्याला बोलावलं! चाचीजी अनवाणी तिच्यामागे धावल्या. बाईला काय दुखणं होतं ते आम्हाला कधी कळलं नाही, कळायचं कारणही नव्हतं. पण परत येऊन चाचीजींनी नवऱ्याला माईकवरच झाडलं, "शर्म की बात और चोरी की बात में फ़र्क़ होता है, इतना भी नहीं समझते?"

विधायकजी दिवसभर जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी पाटीवर खडूनं एक ओळ वाढली, "दुख रसोई में, सिफ़ारिश माइक पर." तेव्हापासून दुखणं, अब्रू, घरचं भांडण घेऊन येणारे मागच्या दारानं चाचीजींच्या रसोईत जात. तिथे विधायकजी पाटावर बसून रोटी खाता खाता ऐकत, आणि ते तिथेच राही.

इथपर्यंत मी मजेत सांगितलं. आता माझं सांगते. इतकी वर्षं त्या गल्लीबाहेर कुणाला सांगितलं नाही, पण त्या माणसाबद्दल बोलायचं आणि हे गाळायचं, तर मग त्यांच्याकडून मी शिकले काय?

मी गणिताची बी.ए., बी.एड. विधायकजींचं तिकीट कापलं जाण्याआधीची गोष्ट, मुलींच्या एका इंटर कॉलेजात, म्हणजे तिकडच्या बारावीपर्यंतच्या शाळेत, गणिताच्या शिक्षिकेची एक जागा निघाली. माझं वय अटीच्या काठावर, ते वर्ष गेलं की सरकारी अनुदानाच्या शाळेचं दार कायमचं बंद. मुलाखत झाली, यादी लागली. पहिलं नाव शारदाचं, दुसरं माझं. शारदा कोण, तर समोरच्या घरातली. वडील नव्हते, शिकवण्या करून आईला पोसणारी. माझ्याहून हुशार, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

मी शाळेत चौकशीला गेले तर तिथला बाबू हसला. "विधायकजी के मकान में रहती हैं और हमसे पूछ रही हैं?"

घरी येऊन मी यांना आडून आडून विचारलं. हे म्हणाले, "पहिला नंबर तो पहिला नंबर. विषय संपला." यांचा संपला. माझा कुठला संपायला! रात्रंदिवस डोक्यात तेच. माईकवर जायचं तर काय सांगणार? समोरच्या खिडकीत शारदा बसलेली असताना, तिच्या पुढे माझं नाव घाला म्हणून? जीभ झडली असती.

म्हणून मी रसोईत गेले.

मी रडले. रडणं खोटं नव्हतं. वाई सुटलेली, मूलबाळ नाही, वय निसटत चाललेलं, सगळं खरंच होतं. चाचीजींनी मला जवळ घेतलं. विधायकजींचा हातातला घास तसाच राहिला. आणि त्या खऱ्या रडण्याच्या आडोशानं मी एक खोटं वाक्य सरकवलं. "चाचाजी, लिस्ट में मेरा नाम अटका है." अटकलं नव्हतं. दुसरं होतं. शारदाचं नाव मी काढलंच नाही.

ते म्हणाले, "रो मत, बहू. मैं पूछ लूँगा."

त्यांनी शाळेच्या मॅनेजरला एवढंच विचारलं, आमच्या घरच्या सुनेचं नाव अडकलंय, जरा बघा. मॅनेजर वर्षानुवर्षं वाट पाहत असणार, हा माणूस कधी काही मागतो याची. आठ दिवसांत माझ्या नावाचं नेमणुकीचं पत्र आलं! मी ते पत्र दहादा वाचलं. नाचावंसं वाटत होतं आणि जिना उतरावासा वाटत नव्हता. यांनाही दाखवलं नाही. चोराच्या मनात चांदणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता भोंग्यातून शारदाच्या आईचा आवाज आला. ती बाई कधी कुणाकडे गेली नव्हती. "विधायकजी, मेरी लड़की का पहला नंबर था. किसी ने सिफ़ारिश लगाकर उसे गिरा दिया. कहते हैं, किसी विधायक की थी. आप पता लगाइए."

"किस स्कूल में?"

तिनं शाळेचं नाव सांगितलं. टकटक थांबली. या वेळी समोरची बाई खोटं बोलत नव्हती.

 हातातली वाटी खाली ठेवायचंही मला सुचेना. मग भोंगा बोलला, आणि आवाज इतका हळू होता की मी कान दिला.

"सुनिए, सुनिए. वह विधायक मैं हूँ. मैंने रसोई में बैठकर एक बात सुन ली. वह माइक की बात थी. ग़लती मेरी है."

 मग खालून कुणीतरी ओरडलं, "नाम बताइए! किसकी सिफ़ारिश थी?"

"मेरा नाम तो आप सबको मालूम है," विधायकजी म्हणाले.

पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा तेच उत्तर. कुणी हसलं, कुणीतरी म्हणालं, सगळे सारखेच, भोंगा लावून काय होतं! माझं नाव त्यांच्या जिभेवर होतं आणि ते शिव्या खात बसले होते. मी गप्प राहिले असते तर नोकरी माझी होती. कुणालाही, अगदी यांनाही, कधी कळलं नसतं.

मी पत्र घेतलं आणि जिना उतरले.  व्हरांड्यात आले तशी विधायकजींनी मान हलवून मला परत जा म्हणून खुणावलं. मी चाचीजींकडे पाहिलं. वाटलं, ही बाई माझ्यासाठी बटण बंद करील. तिनं केलं नाही.

"वह मैं थी," मी माईकमध्ये म्हणाले. माझाच आवाज वरून, माझ्याच गॅलरीतून माझ्या डोक्यावर आदळला. "मेरा नाम अटका नहीं था. शारदा पहली थी, मैं दूसरी. मैंने झूठ कहा. यह नौकरी मैं नहीं लूँगी."

मला वाटलं होतं शारदाची आई रडेल, नाहीतर मारेल. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "माइक पर मत कहिए, बहूजी. काग़ज़ पर लिखकर दीजिए."

खरं होतं तिचं. माईकवर बोललेलं वाऱ्यावर जातं. मी तख्ताच्या कडेला बसून लिहून दिलं, जागा नाकारते, कारण यादीत माझा क्रमांक दुसरा होता. महिन्याच्या आत शारदा रुजू झाली. मी पुढे जन्मात कुठे शिक्षिका झाले नाही. त्याचं वाईट मला अजून वाटतं, वाटत नाही म्हणाले तर ते खोटं होईल.

लिहिलेला कागद विधायकजींनी घेतला आणि रिवाजाप्रमाणे माईकवर वाचायला लागले. एक एक शब्द, सावकाश. खाली माझी सही होती, तिथे येऊन ते थांबले. खांद्यावरच्या पंच्याची गाठ सोडून पेन काढलं, कागद मांडीवर ठेवला आणि माझ्या नावाखाली स्वतःचं नाव लिहिलं. मग दोन्ही नावं वाचून दाखवली. आधी माझं, मग त्यांचं.